अंतुतूचे लाख आणि आपले हजार

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून फोनबद्दल बरेच प्रश्न आलेत. विचारलंय वेगवेगळं, पण सगळ्यांच्या पोटातला प्रश्न एकच, की तो बेंचमार्कचा आकडा, म्हणजे अंतुतू, गीकबेंच, थ्रीडीमार्क असली ॲप्स फोनची परीक्षा घेऊन देतात तो स्कोअर, बघायचा का नाही बघायचा. म्हणून सगळे एकत्रच घेतलेत. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, सो फक्त गाव-एरिया दिलाय.

प्रश्न : ताई, नवीन फोन घ्यायचाय. बजेट पंचवीस हजार, त्याच्यावर पप्पा एक रुपया देणार नाहीत. दोन फोन फायनल केलेत. एकाचा अंतुतू स्कोअर १४ लाखाच्या आसपास आहे आणि दुसऱ्याचा ७ लाख. मित्र म्हणतात डबल स्कोअर म्हणजे डबल फास्ट, डोळे झाकून घे. पप्पा म्हणतात ७ लाखवाला घे, कॅमेरा चांगलाय आणि सर्व्हिस सेंटर शहरातच आहे. बीजीएमआय गेम खेळतो पण रोज नाही. काय करू?
(कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : पंचवीस हजार आहेत रे, डोळे उघडे ठेवूनच घे. डबल स्कोअर म्हणजे डबल फास्ट हे गणित तुझ्या मित्रांनी लावलंय, फोनने नाही.

अंतुतू काय करतं, तर फोनकडून चार प्रकारची कामं करून घेतं, प्रोसेसरची, ग्राफिक्सची, मेमरी-स्टोरेजची आणि चौथं ते यूएक्स म्हणतात ते, म्हणजे स्क्रोलिंग वगैरे रोजचा वापर. मग चारही ठिकाणचे मार्क एकत्र बेरीज करून एक मोठ्ठा आकडा तोंडावर फेकतं. आता तुझ्या दोन फोनमधल्या त्या ७ लाखांच्या फरकात सगळ्यात जाड वाटा बहुतेक ग्राफिक्सचा निघेल, आणि व्हॉट्सॲप उघडताना, क्यूआर स्कॅन करताना, रील्स बघताना ग्राफिक्स चिपला फारसं कामच नसतं, त्यामुळे तो वाढीव स्कोअर तुझ्या दिवसातल्या बहुतेक तासांत नुसता खिशात पडून राहणार. रिव्ह्यूमध्ये स्कोअरचा स्क्रीनशॉट असतो त्यात चारही आकडे वेगळे दिलेले असतात, बेरजेपेक्षा ते बघ.

बरं, हे दोन आकडे आले कुठून? एक यूट्यूबवरून आणि दुसरा दुकानातल्या पोस्टरवरून असेल तर तुलना तिथेच बाद. अंतुतूचं व्हर्जन बदललं की तोच फोन वेगळा आकडा दाखवतो, दहाव्या व्हर्जनचा स्कोअर अकराव्याच्या शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. पोस्टरवरचा आकडा तर सगळ्यात महाग व्हेरियंटचा, कंपनीच्या लॅबमधला, आणि हे सगळं तळाला मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं. आयफोनचा अंतुतू आणि अँड्रॉइडचा अंतुतू पण शेजारी ठेवू नकोस, तसं करू नका असं खुद्द अंतुतूवालेच सांगतात. तरी लोक ठेवतातच, आणि कमेंटमध्ये भांडतात.

आता खरी गोम. ऊन. टेस्ट काही मिनिटांत संपते आणि रिव्ह्यू करणारा ती बहुतेकदा एसीत, गार फोनवर करतो. तू खेळणार मे महिन्यात दुपारी तीन वाजता, पंख्याखाली, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, कव्हर लावलेलं आणि वरून चार्जिंगही चालू. ॲपल स्वतः लिहितं की आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा, म्हणजे आपला अर्धा उन्हाळा त्यांच्या हिशोबात बसतच नाही. चिप तापली की फोन स्वतःच तिचा स्पीड खाली आणतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि ते करायलाच पाहिजे नाहीतर हात भाजेल आणि बॅटरीची वाट लागेल. प्रश्न एवढाच की किती खाली आणतो आणि किती लवकर.

त्यासाठी अंतुतू सोड आणि थ्रीडीमार्कची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट बघ. त्यात एक मिनिटाचा एकच सीन लागोपाठ २० वेळा चालवतात, मग सगळ्यात चांगला राउंड आणि सगळ्यात वाईट राउंड दाखवतात आणि स्टॅबिलिटी टक्क्यात देतात. समज एका फोनने पहिल्या राउंडला १०,००० मार्क घेतले आणि शेवटी ५,५०० वर आला, म्हणजे ५५ टक्के. दुसरा ६,५०० ने सुरू झाला आणि ६,२०० वर थांबला. पोस्टरवर पहिला जिंकतो. पण मॅचच्या शेवटच्या झोनमध्ये, जिथे खरी मारामारी असते, तिथे दुसराच फास्ट. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत हां, पण वीस मिनिटांत निम्म्यावर येणारे फोन खरंच मिळतात बाजारात.

अजून एक, गेम ९० किंवा १२० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या चित्रांवर, चालेल का हे नुसतं चिपवर ठरत नाही, गेमवाल्यांनी तुझ्या मॉडेलला तो ऑप्शन चालू करून दिलाय का यावर ठरतं. १४ लाखवाल्यात तो ऑप्शनच बंद असेल तर काय करणार. मॉडेलचं नाव आणि गेमचं नाव टाकून सर्च कर, पाच मिनिटांचं काम आहे.

मी पप्पांच्या बाजूने आहे. माझा हिशोब असा, स्कोअर पास-नापास बघायला वापरायचा, मेरिट लिस्ट लावायला नाही. ७ लाख पास आहे, चांगल्या मार्कांनी पास आहे. तुझं रोजचं तीन तास गेमिंग असतं तर मी वेगळं बोलले असते, तेव्हासुद्धा स्ट्रेस टेस्ट बघूनच. पण तू स्वतःच लिहिलंयस की रोज नाही. मग कॅमेरा आणि शहरातलं सर्व्हिस सेंटर हे रोज उपयोगाचं, स्क्रीन फुटल्यावर तर जास्तच.

प्रश्न : हे स्कोअर खरे असतात का? कंपन्या त्यात घोळ करतात असं ऐकलंय. का नुसत्या अफवा?
(पंचवटी)

उत्तर : अफवा नाहीत, पुराव्यानिशी पकडलेत. आणि एकदा नाही.

२०१३ मध्ये आनंदटेक या साइटने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ चं बिंग फोडलं. त्या फोनच्या एका मॉडेलमध्ये ठरावीक बेंचमार्क ॲप उघडलं की ग्राफिक्स चिप ५३३ मेगाहर्ट्झला पळायची आणि बाकी गेमला ४८० च्या वर जायचीच नाही. सॉफ्टवेअर उघडून बघितलं तर आत चक्क बेंचमार्क बूस्टर असं नाव लिहिलेलं सापडलं. म्हणजे चोरी करायची ती करायची, वर नावाची पाटी पण लावायची! अमेरिकेत त्यावर खटला झाला आणि तो २०१९ मध्ये तडजोडीत मिटला.

२०१८ मध्ये हुआवेचे पी२० वगैरे फोन थ्रीडीमार्कने आपल्या यादीतूनच काढून टाकले. त्यांना पकडायची युक्ती मला फार आवडली. थ्रीडीमार्कवाल्यांनी तीच टेस्ट वेगळ्या नावाने, बाहेर कुणाला न दिलेली अशी चालवली, फोनला काही ती ओळखू आली नाही, आणि मार्क धाडकन खाली आले.

पुढे चोरी थोडी सुधारली. २०२१ मध्ये वनप्लस ९ सिरीजमध्ये उलटा प्रकार सापडला, बेंचमार्कला पूर्ण स्पीड आणि क्रोमसारख्या रोजच्या ॲप्सना मात्र लगाम. कंपनीचं म्हणणं की बॅटरी आणि तापमान सांभाळायला केलं. ते म्हणणं अगदीच खोटं नाही, रोजच्या ॲपला एवढा स्पीड लागत नाही हे खरंच आहे, पण मग बेंचमार्कला तीच सवलत का नाही लावली? गीकबेंचने ते फोन यादीतून काढले. २०२२ मध्ये सॅमसंगच्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस या ॲप्सचा स्पीड आवरणाऱ्या सोयीवरून परत तेच झालं, आणि यावेळी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या सगळ्या सिरीज बाहेर. ओरड झाल्यावर सॅमसंगने अपडेट देऊन ग्राहकाच्या हातात स्विच दिला.

म्हणून एका साइटवरचा एक आकडा बघून पैसे मोजू नका. दोन-तीन वेगवेगळ्या रिव्ह्यूंत साधारण सारखं आलं, आणि जास्त वेळ चाललेल्या टेस्टमध्येही टिकलं, तर धरा.

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. पुतण्या म्हणतो गीकबेंच बघूनच फोन घ्या. मला फोन लागतो तो बागेत फोन उचलायला, पानांचे फोटो काढून सल्लागाराला पाठवायला, बँकेचे मेसेज आणि यूट्यूब. वीस हजारापर्यंत घेईन. गीकबेंच काय ते समजलं नाही.
(दिंडोरी तालुका)

उत्तर : काका, पुतण्या चुकीचं सांगत नाहीये, पण तुमच्या कामात ते पाचव्या-सहाव्या नंबरला येतं.

गीकबेंच म्हणजे प्रोसेसरची परीक्षा. त्यात दोन आकडे मिळतात, सिंगल कोअर आणि मल्टी कोअर. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, एकट्याचा आकडा आणि सगळ्यांचा मिळून. ॲप उघडणं, टाईप करणं, लिस्ट वरखाली सरकवणं हे बरंचसं सिंगल कोअरवर चालतं, तेव्हा बघायचाच तर तो बघा. गीकबेंच ६ मध्ये २,५०० हा आकडा इंटेलच्या कोअर आय७-१२७०० या डेस्कटॉपवरच्या प्रोसेसरचा धरलाय, त्यावर बाकीचे मोजतात. तुम्हाला हजाराच्या आसपास असला तरी भरपूर झालं.

आता तुमचं खरं काम. पहिलं, उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे. जाहिरातीत ४,५०० निट्स (उजेड मोजायचं माप) वगैरे लिहितात, तो उजेड स्क्रीनच्या एका छोट्या तुकड्यावर, तोही खास व्हिडिओ चालू असताना. भर उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते तो आकडा वेगळा असतो, त्याला एचबीएम किंवा हाय ब्राइटनेस मोड म्हणतात, आणि तो बराच कमी असतो. सगळ्यात सोपं म्हणजे एमजी रोडला दुकानात गेलात की डेमो फोन हातात घेऊन दुपारी फुटपाथवर या, ब्राइटनेस ऑटोवर ठेवा आणि एखादा मेसेज वाचून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. सोबत पोरगा पाठवेल फार तर. आणि पाचेक मिनिटं उन्हातच उभे राहा, कारण तापला की फोन स्वतःच स्क्रीन मंद करतो आणि ते दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कधीच कळत नाही.

दुसरं, फोटो. कॅमेऱ्यांच्या रांगेत एक २ मेगापिक्सलचा मॅक्रो कॅमेरा चिकटवलेला असतो, तो मोजणी वाढवायला. पानाच्या मागची डावणी किंवा मण्यावरची भुरी असे रोग त्यात नुसता पांढरट डाग दिसतात, मग सल्लागार म्हणतो परत पाठवा. मेन कॅमेऱ्यानेच काढा, पान तळहातावर उलटं धरा, फोन वीतभर लांब ठेवा, २एक्स करा, स्क्रीनवर डागावर बोट टेकवा आणि मगच क्लिक. दुकानात कुंडीतल्या पानावर ट्राय करा, कुंडी नसेल तर नोटेवरची बारीक अक्षरं आहेतच.

तिसरं, नेटवर्क. बांधावर एक काडी आणि विहिरीपाशी शून्य अशी परिस्थिती असेल तर फोनला कमी फ्रिक्वेन्सीचे बँड पाहिजेत, ते लांब पोचतात. जिओ असेल तर फाइव्हजीचा एन२८ बँड, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झवाला, आहे ना ते कंपनीच्या साइटवर बघायला पुतण्याला सांगा. त्याचं गीकबेंच तोवर राहू दे.

आणि आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलंय म्हणून फवारणीचा ब्लोअर चालू असताना फोन बाहेर काढायचा नाही बरं का. ती टेस्ट साध्या गोड्या पाण्यात होते, फवारणीच्या औषधाची हमी त्यात कोणी देत नाही.

प्रश्न : आईसाठी फोन बघतेय, दहा-साडेदहा हजारात. तिला फक्त व्हॉट्सॲप, फोटो, भाजीवाल्याला यूपीआय आणि भजनं. तिला काय करायचाय स्कोअर, असं सगळे म्हणतात. बरोबर ना?
(सिडको, नाशिक)

उत्तर : नाही, इथेच तर सगळे फसतात! पंचवीस हजारात सगळे फोन पास असतात म्हणून तिथे स्कोअर बघितला नाही तरी चालतं. दहा हजारात काही खरोखर नापास असतात आणि डबा दिसायला सगळ्यांचा सारखाच चकचकीत.

अंतुतू दहाव्या व्हर्जनवर दोन-अडीच लाखांचा फोन आणि चार लाखांच्या वरचा फोन, यांच्या किमतीत कधीकधी हजार-दीड हजाराचाच फरक असतो, वापरात मात्र जमीन-अस्मानाचा. गीकबेंच सिंगल कोअरला ४०० च्या आसपास अडकलेले फोन आईला देऊ नकोस. पहिल्या महिन्यात ठीक वाटतात. मग ॲप्स अपडेट होऊन जड होतात, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी स्टोरेज भरतं, आणि एक दिवस मेथीच्या जुडीचे पैसे द्यायला ॲप उघडलं की ते पांढरा पडदा दाखवत बसतं, आई परत दाबते, परत दाबते, मग दोनदा पैसे गेले का काय या भीतीने घाबरी होते, मागे लाइन लागलेली आणि भाजीवाला म्हणतो आजी कॅश द्या. स्कोअर नाही लागत म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते स्वतः चांगला फोन वापरतात.

स्कोअरइतकंच स्टोरेज कुठलं आहे ते बघ. दोन प्रकार दिसतील, ईएमएमसी ५.१ साधारण सेकंदाला २५०-३०० एमबी वाचतं, यूएफएस २.२ हजाराच्या घरात. ॲप उघडायला लागणारा वेळ, गॅलरी लोड होणं, यात हा फरक डोळ्यांना दिसतो. कंपनीच्या पेजवर नुसतं १२८ जीबी लिहून प्रकार लपवला असेल तर ईएमएमसी समजायचं आणि रिव्ह्यूत खात्री करायची. रॅम ४ जीबीच्या खाली अजिबात नको, ६ मिळाली तर उत्तम. दोन हजार जास्त टाकून हे मिळत असेल तर टाक, दिवाळीच्या साडीत कमी कर हवं तर. आई पण हेच म्हणेल.

प्रश्न : डब्यावर ८+८ म्हणजे १६ जीबी रॅम लिहिलंय. खरं का?
(नाशिक रोड)

उत्तर : ८ जीबी रॅम आहे. पुढचे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू. मागे पडलेली ॲप्स थोडी जास्त वेळ तग धरतात इतकाच उपयोग. १६ चे पैसे देऊ नका.

प्रश्न : नवा मिडरेंज (मधल्या किमतीचा) घेण्यापेक्षा दोन-तीन वर्षं जुना सेकंड हँड फ्लॅगशिप (कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल) घ्यावा असं वाटतंय, स्कोअर नव्यापेक्षा जास्तच आहे. अंबडला शिफ्ट असते, दिवसभर चार्जिंग मिळत नाही. घेऊ का?
(सातपूर)

उत्तर : इथे बेंचमार्क खरा कामाला येतो, फक्त उलट्या पद्धतीने. दोन फोन शेजारी ठेवून नाही, तर तोच फोन नवीन असताना काय होता आणि आज काय आहे ते बघायला.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये हेच झालं होतं. एकाला दिसलं की जुन्या आयफोनची बॅटरी बदलल्यावर गीकबेंचचा स्कोअर एकदम वाढला. मग गीकबेंच बनवणाऱ्या कंपनीच्या जॉन पूल यांनी लोकांनी अपलोड केलेल्या हजारो निकालांचे आलेख काढले, तर आयफोन ६एस आणि ७ चे स्कोअर ठरावीक आयओएस अपडेटनंतर गटागटाने खाली घसरलेले दिसले. दोन दिवसांत ॲपलने मान्य केलं की बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून स्पीड कमी करतो. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेत बॅटरी बदलायची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणली. तोपर्यंत कित्येकांनी फोन जुना झाला म्हणून नवा घेऊन टाकलेला!

तेव्हा एमजी रोडला जा किंवा ऑनलाइन जाहिरात देणाऱ्या कुणाला भेटा, फोन निम्म्याहून जास्त चार्ज असू दे, बॅटरी सेव्हर बंद आहे ना ते स्वतः सेटिंगमध्ये बघा आणि गीकबेंच टाकून चालवा. त्याच मॉडेलचे बाकीच्यांचे आकडे गीकबेंचच्या साइटवर फुकट दिसतात. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालायचंच. खूपच खाली असेल तर बॅटरी दमलेली, नाहीतर फोन खोलून आत काहीतरी छेडछाड झालेली. लगेच दुसऱ्यांदा चालवा, आकडा आणखी बराच खाली आला तर फोन उष्णता बाहेर टाकत नाहीये.

पण तुमची अडचण चार्जिंगची आहे ना? मग स्कोअर कितीही असो, जुन्या फ्लॅगशिपमध्ये बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव करा. आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. वर्षापूर्वीच बंद झाले असतील आणि त्याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप चालणार असेल तर मी म्हणेन नवा मिडरेंजच घ्या. २०२३-२४ पासून गूगल आणि सॅमसंगने वरच्या मॉडेलना सात वर्षं अपडेट द्यायला सुरुवात केलीय, त्यातला एखादा बजेटमध्ये बसला तर मात्र जुना घ्यायला हरकत नाही.

पैसे देण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर येईल, तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, एक स्पेस आणि तो नंबर टाकून १४४२२ ला पाठवा. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं उत्तर आलं तर फोन कितीही स्वस्त असला तरी टेबलावर ठेवून निघा. विकणारा म्हणेल नेट स्लो आहे, नंतर चेक करा. मेसेजला नेट लागत नाही.